पॅनेलच्या मागची जागा

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतला ५१ वा नियम मोठ्या स्विचबोर्डांविषयी आहे. बोर्डासमोर निदान एक मीटर जागा मोकळी हवी, असे त्यात म्हटले आहे. एवढे कुणालाही सुचेल. पुढचे कलम मात्र पहिल्यांदा वाचताना चक्रावून टाकते. बोर्डाच्या पाठीमागे उघड्या जोडण्या असतील तर तिथली जागा एक तर २० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी, नाहीतर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. मधले काही चालणार नाही. एखाद्याने सढळ हाताने पन्नास सेंटिमीटर जागा सोडली, तर ती बेकायदा.

कायद्याची भाषा बहुधा 'किमान' आणि 'कमाल' यांची असते. इथे दोन टोके मान्य आणि मधला भाग वर्ज्य, असे का? उत्तर सोपे आहे, पण ते यंत्रात शोधून सापडत नाही. वीस सेंटिमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही. पंचाहत्तर सेंटिमीटरमध्ये तो शिरतो, वळतो, वाकतो आणि धडपणे बाहेर येतो. पन्नास सेंटिमीटरमध्ये तो आडवा होऊन शिरतो खरा, पण आत गेल्यावर त्याला वळता येत नाही. पाना हातातून निसटला तर वाकता येत नाही, आणि वाकायला गेला की पाठ भिंतीला व खांदा तांब्याच्या पट्टीला लागतो. जागा दिसली की माणूस शिरणार, 'शिरू नका' असे लिहून तो थांबत नाही, हे नियम करणाऱ्याने गृहीत धरले आहे. अशा फटीतून कुणाला तरी बाहेर काढलेले पाहिल्याशिवाय हे कलम लिहिले गेले नसावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हे आकडे १९५६ चेही नाहीत. १९३७ च्या नियमांत ते इंचांत होते : नऊ इंचांपेक्षा कमी किंवा तीस इंचांपेक्षा जास्त. मागे तीस इंचांहून अधिक जागा असेल तर बोर्डाच्या दोन्ही टोकांकडून यायला सहा फूट उंचीची मोकळी वाट हवी. दशमान पद्धत आली तेव्हा नवाचे वीस झाले, तिसाचे पंचाहत्तर आणि सहा फुटांचे १.८ मीटर. फाळणीनंतर पाकिस्तानात १९३७ चेच नियम इंचांसकट चालू राहिले. आपल्याकडे २००३ चा नवा वीज कायदा आला, २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम नव्याने लिहिले, तरी वीस आणि पंचाहत्तर तसेच राहिले. इतकी स्थित्यंतरे झाली, माणसाच्या खांद्याची रुंदी तेवढी बदलली नाही.

विजेचा इतिहास आपल्याकडे मेगावॅटमध्ये लिहिला जातो. कोणते केंद्र कधी सुरू झाले, किती गावे उजळली, किती पंप जोडले गेले. त्या इतिहासात पॅनेलसमोर उभा राहणारा माणूस येत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे वीज तयार होत नाही, फक्त येते आणि वाटली जाते, तिथे तर तोच माणूस इतिहासाचा मुख्य भाग आहे. त्याला काय सांगितले गेले, कशाने त्याला वाचवले आणि कुठे ते पुरले नाही, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी थोडा भूगोल. इंग्रजी अमदानीत वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, कागदोपत्री 'बासिम'. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा पुन्हा झाला. म्हणजे वीज या भागात आली ती जवळजवळ सगळी मधल्या काळात, अकोला जिल्ह्याचा एक कोपरा म्हणून. तोवर कारंजा-वाशिमकडच्या कापसाच्या जिनांनी आधी वाफेवर आणि मग ऑइल इंजिनावर दिवस काढले होते.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारची वीजजाळ्याची योजना स्वातंत्र्याच्या सुमाराची. तिच्यातली खापरखेडा आणि बल्लारशा ही केंद्रे पूर्वेकडे नागपूर-चांद्याच्या कोळशाजवळ होती. पश्चिम वऱ्हाडाच्या हाताशी केंद्र आले ते बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे, १९६१ मध्ये, ३० मेगावॅटच्या संचाने. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, आणि १९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले होते. म्हणजे चार-पाच वर्षांत राज्य बदलले, मंडळ बदलले आणि नियमही नवे आले. बदललेल्या या घरात नव्या नियमांचे पुस्तक घेऊन पहिले ऑपरेटर पॅनेलसमोर उभे राहिले.

ज्यांनी उपकेंद्र आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. लांबून ३३ हजार व्होल्टची वाहिनी येते, रोहित्रातून ती ११ हजारांवर उतरते आणि तिचे चार-पाच फाटे होऊन गावोगाव जातात. त्या फाट्याला फिडर म्हणतात. नियंत्रणकक्षात प्रत्येक फिडरचे एकेक लोखंडी कपाट असते, माणसाच्या उंचीचे किंवा थोडे जास्त. तेच पॅनेल. फिडर बंद-चालू करणारा ब्रेकर काही ठिकाणी त्याच कपाटात असतो, काही ठिकाणी बाहेर यार्डात. बिघाड ओळखणारा रिले, मीटर आणि दिवे कपाटावर असतात.

या दिव्यांचे नव्या माणसाला नवल वाटते. पॅनेलवर लाल दिवा म्हणजे फिडर चालू आणि हिरवा म्हणजे बंद. रस्त्यावरच्या सिग्नलची सवय असलेल्याला हे उलटे वाटते. पण दिवा यंत्राच्या बाजूने बोलत नाही, हात लावणाऱ्याच्या बाजूने बोलतो. लाल आहे, म्हणजे आत जीव आहे, दूर राहा. लोड वाहणे हे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने शुभ आणि ऑपरेटरच्या दृष्टीने धोका, ही दोन माणसांची दोन सत्ये एका दिव्यात आहेत.

तरी दिव्यावर विसंबून तारेला हात लावायचा नसतो. दिवा फुटतो, त्याची वायर सुटते, ब्रेकरचा दांडा हलतो पण आतला एखादा फेज सुटतच नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी ब्रेकर पाडायचा. मग जिथे डोळ्यांना अंतर दिसेल अशा ठिकाणी वाहिनी तोडायची, म्हणजे ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढायची किंवा यार्डातला आयसोलेटर उघडायचा. मग दाब नाही हे टेस्टरने तपासायचे. मग डिस्चार्ज रॉडने वाहिनी जमिनीला जोडायची. त्यात रॉडचे जमिनीकडचे टोक आधी जोडायचे आणि वाहिनीकडचे नंतर. काढताना बरोबर उलट. मग कुलूप लावून पाटी अडकवायची. १९५६ च्या ३६ व्या नियमात तारेला हात लावण्यापूर्वी ती जमिनीला जोडून निर्जीव करण्याचे बंधन आहे आणि हातमोजे, रबरी बूट, पट्टा, शिडी, टेस्टर, हेल्मेट ही साधने कामगाराला पुरवावीत असेही म्हटले आहे. 'पुरवावीत' या क्रियापदाचा कर्ता वीज पुरवणारा आहे, ती वापरणारा नाही. अपघातानंतरच्या बोलण्यात हा कर्ता बहुतेक वेळा हरवतो.

सगळ्यात नाजूक जागा मात्र या क्रमाच्या आधी आणि नंतर आहे. ऑपरेटर उपकेंद्रात असतो आणि लाईनमन सात-आठ कोसांवर खांबावर. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. खांबावरच्या माणसाचा जीव दिसत नसलेल्या माणसाच्या हातात आहे, हे दोघांनाही माहीत असते. या दोघांमधला करार म्हणजे 'लाईन क्लिअर परमिट'. बोलण्यात नुसते 'परमिट'.

या जोडशब्दाचा पूर्वार्ध माझ्या मते रेल्वेतून आला आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून पुढचे स्टेशन 'लाईन क्लिअर' देते तेव्हाच मागचे स्टेशन गाडी सोडते. वऱ्हाडात भुसावळ-नागपूर मार्ग १८६० च्या दशकातला. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी नॅरोगेज 'शकुंतला' त्यानंतरची. खुद्द वाशिमला गाडी यायला खांडवा-हिंगोली हा मीटरगेजचा जोडमार्ग होईपर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरपर्यंत थांबावे लागले. ज्यांनी जुन्या मार्गांवर स्टेशनमास्तर आणि ड्रायव्हर यांच्यातली वेताच्या कडीतली टोकनची देवघेव पाहिली आहे, त्यांना परमिटचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. टोकन ड्रायव्हरच्या हातात आहे तोवर त्या तुकड्यात दुसरे कुणी येत नाही. परमिट लाईनमनच्या हातात आहे तोवर त्या वाहिनीत वीज येत नाही. फरक एवढाच की रेल्वेत टोकनच्या यंत्राला कुलूप असते. एक टोकन बाहेर असताना दुसरे निघतच नाही. परमिटला असे यंत्र नाही. ते वहीतल्या ओळीवर आणि फोनवरच्या आवाजावर चालते.

म्हणून त्या वहीचे नियम कडक असतात. फिडरचे नाव, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, काम काय, परमिट घेणाऱ्याचे नाव, दिल्याची वेळ. ऐकणाऱ्याने सगळे उलट म्हणून दाखवायचे. काम संपल्यावर माणसे उतरली, रॉड काढले, हत्यारे मोजली, हे सांगून परमिट परत करायचे. आणि परत करायचे ज्याने घेतले त्यानेच. 'त्यांचं काम झालं असंल, करा चालू' हे वाक्य कुणीही बोलले, अगदी साहेबाने बोलले, तरी ऑपरेटरने ब्रेकरला हात लावायचा नाही. एकाच फिडरवर दोन टोळ्या असतील तर दोन परमिटे. पहिले परत आले म्हणून फिडर सुरू होत नाही. ही सगळी शिस्त ज्या अपघातांतून आली ते सगळे एकाच जातीचे आहेत : दुसरा माणूस अजून वर होता.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, फिडरांची नावे. 'गावठाण' आणि 'शेती' असे फिडर वेगळे झाले तेव्हा एकाच गावाच्या नावाचे दोन फिडर झाले, आणि दोघांच्या तारा पुष्कळ ठिकाणी एकाच रस्त्याने, कधी एकाच खांबावरून जाऊ लागल्या. परमिट एकाचे आणि चढला दुसऱ्यावर, हा घात कागदावर सगळे बरोबर असतानाही होतो. दुसरी गोष्ट, उलटा पुरवठा. फिडर उपकेंद्रातून बंद आहे, पण एखाद्या मंगल कार्यालयाने किंवा दवाखान्याने जनरेटर लावताना चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नाही. मग घरगुती दाबाची वीज रोहित्रात उलटी शिरते आणि दुसऱ्या बाजूला तिचे अकरा हजार होतात. पॅनेलवर हिरवा दिवा आहे, वहीत परमिट आहे, ऑपरेटर निर्दोष आहे आणि तार जिवंत आहे. याला एकच उपाय : काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडणे. दोन्ही बाजूंना म्हणजे दोन रॉड, दोनदा चढणे. संध्याकाळी पाऊस भरून आलेला असताना दुसऱ्या रॉडचा आळस का होतो, हे ज्याने खांब चढून पाहिला आहे त्याला विचारावे.

ब्रेकरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात ज्ञानाची एक वाटणी झाली, ती मला महत्त्वाची वाटते. जुने ब्रेकर तेलाचे. बिघाडाचा प्रवाह तोडताना दोन संपर्कांमध्ये ठिणगीचा जाळ होतो. त्याच्या उष्णतेने तेलाचे विघटन होऊन वायू होतो, त्यात हायड्रोजन बहुतांश, आणि तोच वायू जाळ विझवतो. प्रत्येक वेळी थोडा कोळसा तेलात उरतो. तेल काळे पडते, त्याची ताकद जाते, आणि न बदलता चालवले तर एखाद्या मोठ्या बिघाडाला टाकीच फुटते. तेलाचा नमुना काढून अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये तो किती हजार व्होल्ट सहन करतो, हे तपासायचे असते. पण चाचणीआधीही ऑपरेटरला पुष्कळ कळायचे. तेलाचा रंग, वास, ट्रिपचा आवाज, टाकीच्या सांध्यावरचा ओलावा. रोहित्राच्या श्वसनमार्गातली निळी सिलिका जेल दमट होऊन गुलाबी झाली की तेही नजरेला दिसते. ही देखभाल इंद्रियांची होती.

मग निर्वात ब्रेकर आले. चिनी मातीच्या बाटलीत पोकळी, तिच्यात दोन संपर्क. अकरा हजार व्होल्टला सेंटिमीटरभर अंतर पुरते. तेल नाही, आग नाही, हजारो वेळा उघडझाप झाली तरी तक्रार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा मोठाच पल्ला. पण बाटलीतली पोकळी गेली तर ते दिसत नाही, वास येत नाही, आवाज येत नाही. बाहेरून ती नव्यासारखीच दिसते. ते ओळखायला चाचणी विभागाची माणसे, त्यांची यंत्रे आणि फिडर बंद ठेवायची परवानगी लागते. म्हणजे देखभालीचे ज्ञान रोज समोर उभ्या असलेल्या माणसाकडून वर्षातून कधी तरी येणाऱ्या माणसाकडे गेले. यंत्र सुधारले हे खरेच. ऑपरेटर मात्र त्या यंत्रापुढे थोडा अनोळखी झाला.

एक वस्तू तेवढी त्याच्या हातात राहिली, आणि नेमकी तीच सर्वांत दुर्लक्षित : बॅटरी. रिलेला बिघाड कळतो, पण ब्रेकर पाडायला ताकद लागते ती बॅटरीची. बाहेरची वीज बिघडलेली असताना तीच वीज वापरून ब्रेकर कसा पाडणार? म्हणून चोवीस-तीस व्होल्टचा हा संच कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलेला असतो. प्रत्येक सेलचे व्होल्टेज, आम्लाची घनता (हायड्रोमीटरवर बाराशेच्या आसपास) आणि उतरलेल्या पातळीवर डिस्टिल्ड वॉटर. हे रटाळ काम आहे. बॅटरी मेली तरी दिवसभर काही फरक पडत नाही. फिडर चालतात, मीटर फिरतात. फरक पडतो तो तार तुटून शेतात पडते तेव्हा. रिले ओरडतो आणि ब्रेकर ऐकत नाही.

आता मातीकडे. आपल्याकडची जमीन काळी, भारी. ओली असते तेव्हा विजेला वाट द्यायला तिच्याइतकी चांगली माती नाही. पण उन्हाळ्यात तीच आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पुरलेल्या अर्थिंगच्या नळीपासून माती सुटते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेले असते. त्याला पाणी हवे. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला तापीच्या खोऱ्यात जाते, पैनगंगा दक्षिणेच्या अंगाने गोदावरीच्या. माथ्यावरचे पाणी दोन्हीकडे उतरून जाते. एप्रिल-मे महिन्यांत प्यायला टँकर लागतो तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओतायच्या, हे कुणाला पटवून सांगणार? पण अर्थिंग कोरडे पडले की बिघाडाचा प्रवाह जमिनीत पुरेसा जात नाही, आणि पुरेसा गेला नाही तर रिलेला बिघाड दिसतच नाही. कोरड्या जमिनीवर पडलेली जिवंत तार कधी कधी तशीच पडून राहते, ती याच कारणाने. नियमपुस्तक सगळ्या देशासाठी एक आहे. माती तालुक्यागणिक वेगळी.

उपकेंद्राच्या भिंतीवर दोन कागद कायद्याने आलेले आहेत. पहिला धोक्याची पाटी, नियम ३५. कवटी, दोन हाडे, आणि मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत व शिवाय जिल्ह्याच्या भाषेत. कायदा 'राज्याची भाषा' म्हणत नाही, 'जिल्ह्याची' म्हणतो, हे मला आवडते. आपल्या पाट्यांवर 'धोका' असते. वऱ्हाडी माणूस एरवी 'खतरा'च म्हणतो, पण कवटीपुढे भाषेचा प्रश्न उरत नाही.

दुसरा कागद नियम ४४ चा : विजेचा धक्का बसलेल्याला शुद्धीवर कसे आणावे याचा तक्ता. या तक्त्याचाही इतिहास आहे. १९०३ मध्ये शेफर यांनी माणसाला पालथा घालून पाठ दाबण्याची पद्धत सुचवली. १९३२ मध्ये होल्गर नीलसन यांनी पाठ दाबणे आणि हात उचलणे यांची जोड दिली. दोन्ही श्वासासाठी, बुडालेल्यांच्या अनुभवातून आलेल्या. पण विजेच्या धक्क्याने बहुतेकदा आधी हृदयाची लय मोडते. त्यावरचा उपाय ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. लाईनमनांच्या मृत्यूंची काळजी वाटून अमेरिकेतल्या वीज उद्योगाने १९२० च्या दशकात या संशोधनाला पैसा दिला, आणि १९६० मध्ये ज्यूड आणि निकरबॉकर यांच्यासह कौवेनहोवेन यांनी छाती बाहेरून दाबून रक्त फिरते ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज शाळाशाळांतून जे 'सीपीआर' शिकवतात, त्याचे मूळ खांबावरच्या माणसापाशी आहे. पारसचा पहिला संच सुरू झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. भिंतीवरच्या तक्त्यांना ती कळायला मात्र फार वेळ लागला. पालथा माणूस पुष्कळ वर्षे फ्रेमीत तसाच पडून होता.

स्पर्शाव्यतिरिक्त एक दुसरा धोका या सगळ्या जुन्या नियमांच्या नजरेतून सुटला होता. पॅनेलच्या आत शॉर्ट झाले की जो जाळ उठतो त्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक असू शकते, तांबे क्षणात वाफ होते आणि दाराच्या पत्र्यासकट बाहेर येते. माणसाने कशालाही हात लावलेला नसतो. राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने १९८२ मध्ये या भाजण्याचे गणित मांडले, तोवर त्याला स्वतंत्र नावही नव्हते. केबलच्या भोकातून शिरलेली एक पाल एवढ्याला पुरते. म्हणून भोके बुजवणे, पॅनेलचे दार बंद ठेवून ब्रेकर चालवणे, अंगावर सुती कपडे असणे, या बारीक गोष्टी. नायलॉनचा शर्ट त्वचेवर वितळतो. कपाटासमोरची रबरी चटई (भारतीय मानकाप्रमाणे आता १५६५२ क्रमांकाची) धक्क्यापासून वाचवते, या जाळापासून नाही.

यापुढचा भाग अलीकडचा आहे. ६ जून २००५ ला मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे गेले, आणि त्याच सुमारास लोडशेडिंगची वर्षे सुरू झाली. ज्या ब्रेकरने बिघाडाला किंवा देखभालीला उघडायचे, तो आता वेळापत्रकाने दिवसातून अनेकदा उघडू लागला. तेलाचे ब्रेकर या मारापुढे टिकणे कठीणच होते. आणि कक्षातला फोन वाजू लागला. ऑपरेटर हा तोवर गावाला अदृश्य माणूस होता. आता तोच वीज नेणारा आणि देणारा दिसू लागला. फिडर ट्रिप झाला की 'ट्रायल' घेण्याची रीत आहे, म्हणजे बिघाड क्षणिक असेल असे धरून एकदा चालू करून पाहणे. फांदी घासली, पक्षी बसला, असे असेल तर फिडर टिकतो. तार तुटून पडली असेल आणि कुणी तिच्याजवळ गेले असेल, तर ट्रायल म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा वीज सोडणे. किती ट्रायल घ्यायच्या याचे सूचनापत्रक असते. पण फोनवर पन्नासावा माणूस 'लाईन कवा येईन?' विचारतो तेव्हा ते पत्रक ऑपरेटरला एकट्यानेच पाळायचे असते. त्यातून शेतीपंपांचे ऑटोस्विच. पुरवठा आला की शेकडो मोटारी एकाच क्षणी उठतात, फिडर लोडनेच पुन्हा पडतो, आणि हे बिघाडाचे पडणे की लोडचे, हे रिलेवरची खूण पाहून, फोन कानाला लावून, ठरवायचे असते.

सुरक्षेचे नियम ज्यांनी लिहिले त्यांनी पॅनेलमागच्या जागेचा सेंटिमीटरमध्ये विचार केला, ऑपरेटरवर येणाऱ्या या दडपणासाठी त्यांच्याकडे माप नव्हते. अपघात झाला की चोवीस तासांत विद्युत निरीक्षकाला कळवणे बंधनकारक आहे. १९१० च्या कायद्यात त्याला ३३ वे कलम होते, २००३ च्या कायद्यात १६१ वे. हा निरीक्षक वीज विकणाऱ्याचा नोकर नसतो, ही या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. महाराष्ट्रात ऊर्जा आणि कामगार हे विषय एका विभागात नांदले, त्याआधी दिल्लीतही तसेच होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, तेव्हा वीज त्याच खात्यात होती आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत झाले. वीज हा एकाच वेळी विकासाचा आणि मजुराच्या जिवाचा विषय आहे, हे त्या रचनेत उघड होते. चौकशीचा कागद मात्र हळूहळू एकाच प्रश्नाकडे वळत गेला : चूक कुणाची? परमिट नव्हते, मोजे घातले नव्हते, रॉड एकच लावला होता. उत्तर बहुधा मेलेल्या माणसापाशी थांबते. ५१ वा नियम लिहिणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारला होता : माणूस तिथे शिरणारच, तर ती जागा किती रुंद हवी?

कुंपणाच्या आत निदान हा प्रश्न विचारला गेला. कुंपणाबाहेर डीपी आहे. शेताच्या बांधावर, दोन खांबांच्या मध्ये, अकरा हजारांचे रोहित्र. वर तीन डिओ, खाली फ्यूजपेटी, तिचे दार बहुतेक ठिकाणी निखळलेले. पैनगंगेवर बॅरेज झाले, काठाने मोटारी वाढल्या, रब्बीत रात्रीच्या पाळीची वीज आली. रात्री दोन वाजता एक फेज जातो. गहू पाण्यावर आलेला असतो आणि वायरमनकडे अनेक गावे असतात. तो सकाळी येणार असतो. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला इथे कोण उभे आहे ते माहीत नसते, आणि इथे उभ्या असलेल्याला उपकेंद्राचा नंबर माहीत असला तरी त्याच्या नावाने परमिट निघत नाही. मग कुणीतरी बांधावरचा बांबू घेतो. बांबू वाळलेला आहे की दवाने ओला झाला आहे, हे मोबाइलच्या उजेडात हाताने चाचपून पाहतो, आणि वरच्या डिओचे तोंड त्याने ढकलून बसवतो. बहुतेक वेळा फेज येतो. मोटार चालू होते, आणि दुसऱ्या दिवशी आजूबाजूचे शेतकरीही त्यालाच बोलावू लागतात.